चवथीआधी रंग नको: गोव्याच्या दमट घरात स्कँडिनेव्हियन सजावट

डिसेंबरच्या मध्याला स्टॉकहोममध्ये दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारचे तीन वाजायच्या आत मावळतो. तिथल्या माणसांनी भिंती पांढऱ्या केल्या, खिडक्यांवरचे जाड पडदे काढले, फिकट लाकडाची जमीन केली, ती आलेला थोडासा उजेड घरभर फिरावा म्हणून. आता गोव्यात आमच्या पर्वरीला मे महिन्यात दुपारी बाल्कनीचं दार उघडून बघा. पांढऱ्याशुभ्र भिंतीवरून ऊन असं उसळतं की डोळे किलकिले करूनच चहा प्यावा लागतो.

म्हणून सुरुवातीलाच सांगते, फोटोत दिसणारं स्कँडिनेव्हियन घर जसंच्या तसं गोव्यात आणलं तर पहिल्याच पावसाळ्यात त्याची रया जाते. त्यामागचा विचार मात्र इथे छान चालतो. आपल्या हवेला काय मानवतं ते बघायचं, आसपास सहज मिळणारं लाकूड वापरायचं, रंग गप्प ठेवायचे आणि हाताला जाणवेल असा पोत वाढवायचा. मी पर्वरीचा दोन बेडरूमचा फ्लॅट आणि डिचोलीकडचं सासरचं जुनं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर, अशी दोन्ही घरं या पद्धतीनं लावली. फ्लॅटमध्ये पैसे घालवून शिकले, गावच्या घरात ते शिक्षण कामी आलं. पहिल्यांदाच घर लावणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, तेव्हा कामं ज्या क्रमानं करायची त्याच क्रमानं सांगते.

थोडी ओळख

स्कँडिनेव्हिया म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन. सजावटीच्या गप्पांत फिनलंडलाही त्यांच्यातच धरतात. १९५४ ते १९५७ या काळात तिथल्या वस्तूंचं एक मोठं प्रदर्शन अमेरिका आणि कॅनडात शहरोशहरी फिरलं आणि या शैलीचं नाव सर्वतोमुखी झालं. पण वस्तू त्याआधीपासूनच्या. फिनलंडच्या आल्वार आल्तोंनी १९३३ मध्ये तीन पायांचं साधं स्टूल केलं ते बर्चच्या लाकडाचं, कारण बर्च त्यांच्या रानात मुबलक. डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांनी १९४९ मध्ये केलेल्या खुर्चीची बैठक कागदाच्या पिळलेल्या दोरीनं हातानं विणतात. आपल्याकडे वेतानं विणलेल्या शिसवी खुर्च्या ज्यांच्या वसरीत तीन पिढ्या आहेत, त्यांना यात फारसं नवल वाटायचं कारण नाही.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. तिकडच्या लोकांना रंगाचं वावडं आहे असं नव्हे. स्वीडनच्या खेड्यांतली लाकडी घरं बाहेरून गडद तांबडी असतात. तो रंग फालून गावच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीपासून करतात, आणि त्यातला तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा. आपल्या चिऱ्याचा तांबडेपणाही त्याचाच! बाहेर तांबडं आणि आत फिकट, ही जोडी आपल्याला काही परकी नाही.

पहिलं काम: महिनाभर काहीही विकत घेऊ नका

हॉल रिकामा करा. खरोखर रिकामा. शोकेसमधले टेडी, लग्नात आलेली घड्याळं, प्लास्टिकच्या फुलांची परडी, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या चार जादा खुर्च्या, सगळं एका खोलीत नेऊन ठेवा. मग पंधरा दिवस राहा. जी वस्तू हाताला लागली नाही म्हणून अडलं, तीच परत आणा. आमच्याकडे परत आल्या त्या दोन खुर्च्या, एक पाट, टीव्ही आणि दिवा. शेजारच्या काकी डोकावून म्हणाल्या, "सामान अजून यायचंय वाटतं?" मी म्हटलं, "नाही काकी, गेलंय." त्या हसल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरचं एक टीपॉय मला द्यायला घेऊन आल्या. असं होणार, तयारी ठेवा.

या रिकाम्या दिवसांत एक वही घ्या. सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा, या तीन वेळांना कुठल्या भिंतीवर ऊन येतं ते लिहा. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी काय होतं ते मुद्दाम बघा. उत्तरेच्या भिंतीला ऊन लागत नाही ही समजूतही गोव्यात पुरती खरी नाही. एप्रिल संपता संपता सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो आणि मे महिन्यात तो थोडा उत्तरेकडे असतो. कुठली भिंत तापते, कुठला कोपरा दिवसभर काळोखा राहतो, वारा कुठून कुठे जातो, हे कळलं की निम्मी खरेदी आपोआप रद्द होते.

दुसरं काम: ओल शोधा

हे काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. पणजीला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. फिकट भिंतीवर ओलीचा डाग जेवढा उठून दिसतो तेवढा गुलाबी किंवा हिरव्या भिंतीवर दिसत नाही. तेव्हा फिकट रंग लावायचा असेल तर भिंत आधी निरोगी हवी.

तपासायची सोपी पद्धत आहे. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतच आहे. ती गळक्या पाइपाची, गच्चीची, बाहेरच्या भेगेची किंवा जमिनीतून वर चढणारी असू शकते. थेंब फक्त बाहेरच्या बाजूला आले तर भिंत ठीक आहे, खोलीतली हवा दमट आहे. पहिल्या बाबतीत गवंड्याला बोलवा, दुसऱ्या बाबतीत खिडकी उघडा. नवीन प्लास्टर असेल तर निदान अठ्ठावीस दिवस त्याला हात लावू नका, आणि पावसाळ्यात केलेलं असेल तर त्याहूनही थांबा.

आता चवथीची गोष्ट. गणपती यायच्या आधी घर रंगवायचं ही आपली रीत. फ्लॅट घेतला त्या वर्षी मीही ऑगस्टमध्ये रंगारी बोलावला. त्यानं पुट्टी, प्रायमर, दोन हात इमल्शन असं सगळं आठ दिवसांत उरकलं, बाहेर पाऊस कोसळत असताना. चवथीला घर झगमगलं. दिवाळीपर्यंत हॉलच्या बाहेरच्या भिंतीला फुगे आले आणि तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांचे पोपडे सुटले. रंगाऱ्याचा फोन लागेना. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, घाई माझीच होती.

मागाहून सासूबाईंशी बोलताना कळलं, की ही रीत मुळात चुन्याची. पूर्वी चवथीआधी घराला चुना काढायचे. चुना ओलसर भिंतीवरच लावतात, तो भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो, आणि अल्कलीयुक्त असल्यामुळे त्यावर बुरशी सहसा धरत नाही. आपण रीत तीच ठेवली आणि चुन्याच्या जागी प्लास्टिकसारखी फिल्म धरणारा रंग आणला. आत अडकलेलं पाणी मग तो रंगच ढकलून बाहेर येतं.

तेव्हा फ्लॅटला इमल्शन लावायचं असेल तर डिसेंबर ते मे या काळात लावा. मार्च-एप्रिल उत्तम. आणि घर जुनं, चिऱ्याचं, माती-चुन्यात बांधलेलं असेल तर त्याला आतून चुनाच द्या. सिमेंटचं प्लास्टर किंवा जलरोधक रंग चढवून अशा भिंतींचा श्वास कोंडू नका. चांगला भिजवलेला चुना कापडातून गाळून घ्या, ताकाइतका पातळ करा, भिंत पाण्यानं किंचित ओली करून तीन-चार पातळ हात द्या. एक हात वाळल्याशिवाय दुसरा नको. त्यात चिमूटभर पिवळी माती मिसळली की जो रंग येतो तो कुठल्याही शेडकार्डावर मिळत नाही. ओला असताना चुना पारदर्शक दिसतो, घाबरू नका, वाळल्यावर खुलतो. काम करताना डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते.

तिसरं काम: पांढरा कुठला?

दुकानात शेडकार्ड उघडलं की पांढऱ्याच्याच इतक्या छटा असतात की माणूस गांगरतो. इंग्रजी नावं सोडून द्या. मी आपल्या स्वयंपाकघरातली मोजपट्टी वापरते: दूध, ताक, काजूगर, उकडा तांदूळ, ओली वाळू, करवंटी. दूध म्हणजे निळसर शुभ्र. तो तिकडच्या मंद उजेडात सुंदर दिसतो, आपल्या उन्हात मात्र डोळ्यांवर येतो आणि ट्यूबच्या उजेडात दवाखान्यासारखा वाटतो. गोव्याच्या घराला ताक आणि काजूगर यांच्या मधली छटा बहुतेक वेळा मानवते. म्हणजे पांढरा, पण त्यात पिवळ्या-तपकिरीचा पुसटसा अंश. काळोख्या खोलीत ताकाकडे झुका, पश्चिमेच्या तापट खोलीत उकड्या तांदळाकडे.

रंग भिंतीवर लावल्याशिवाय ठरवू नका. सगळ्यांत छोटा डबा आणून दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन फुटांचा चौकोन रंगवा आणि वहीतल्या त्याच तीन वेळांना बघा. रात्री दिवा लावूनही बघा. इथे एक खास गोव्याची भानगड आहे. खिडकीबाहेर झाडी असेल तर पावसाळ्यात तिचा हिरवा उजेड आत येतो आणि पांढरी भिंत हिरवट दिसते. अंगण तांबड्या मातीचं असेल तर उन्हाळ्यात तीच भिंत गुलाबी छटा घेते. आमच्या डिचोलीच्या घरात दोन्ही होतं. त्यामुळे आधीच हिरवट किंवा गुलाबी झाक असलेला पांढरा तिथे घेतला असता तर गंमतच झाली असती. करडा रंग तर मी गोव्यात सहसा सुचवतच नाही. जुलैच्या ढगाळ दुपारी करड्या भिंतीच्या खोलीत बसून बघा, मग कळेल.

रंग मॅट घ्या, फार चकचकीत नको, कारण चमक भिंतीतला प्रत्येक खड्डा दाखवते. मात्र स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या आसपास पुसता येईल असा हवा. छताला तोच रंग थोडा फिकट करून लावा. अंदाजासाठी हिशेब: दहा बाय बारा फुटांची खोली, उंची दहा फूट, तर चार भिंती मिळून ४४० चौरस फूट. दारं-खिडक्यांचे साठ वजा केले की ३८०. एका लिटरमध्ये दोन हात देऊन साधारण साठ चौरस फूट होतात, म्हणजे सहा-सात लिटर. रंगाऱ्यानं बारा लिटर सांगितले तर कागद पुढे करा.

तांबड्या कोब्याची जमीन असेल तर ती झाकायच्या किंवा टाइल घालायच्या फंदात पडू नका. तांबडी जमीन, ताकाच्या रंगाची भिंत आणि फिकट लाकूड यांच्यासारखं त्रिकूट मला अजून कुठल्या मासिकात दिसलेलं नाही. तसंच जुन्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं असतील तर ती काढून सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवू नका, हात जोडून सांगते. शिंपल्यातून गाळून आलेला उजेड दुधाळ आणि मऊ असतो. तिकडचे लोक ज्या उजेडासाठी इतका खटाटोप करतात तो तुमच्या घरात फुकट आहे.

चौथं काम: लाकूड

आल्तोंनी बर्च घेतलं कारण ते दारात होतं. मग आपण दूरदेशीचं पाइन का आणायचं? फिकट, गाठीदार पाइनचं शेल्फ फोटोत गोड दिसतं. मी आणलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याची फळी वाकली आणि तिसऱ्यात वाळवीनं मागची बाजू पोखरली. मऊ लाकूड तिला पोळीसारखं.

इकडे सुताराला मेस्त म्हणतात. मेस्ताला विचारताना "फिकट लाकूड द्या" असं मोघम म्हणू नका, झाडाचं नाव घ्या. शिवण हे माझं पहिलं नाव. पिवळसर पांढरं, वजनाला हलकं आणि हवा बदलली तरी फारसं न वाकणारं. बर्चची जागा आपल्याकडे कोण घेईल, तर शिवण. फणस दुसरा. तो कापल्यावर छान पिवळा असतो, पण वर्षा-दोन वर्षांत मधासारखा आणि पुढे तपकिरी होत जातो. तो रंग बदलणार हे धरूनच घ्या, नंतर कुरकुर नको. फणसाच्या लाकडाचा मृदंग होतो, टेबलही उत्तम होतं. रबराच्या झाडाचं लाकूड फिकट आणि स्वस्त असतं, पण त्याला कीड आणि बुरशी लवकर लागते. कारखान्यात औषध मुरवून वाळवलेलं असेल तरच घ्या. माडाचं लाकूड गडद ठिपक्यांचं, जड आणि देखणं असतं, फक्त बाहेरच्या टणक भागाचं घ्यायचं, गाभा भुसभुशीत. सागवान तर आहेच. आणि अंगणात पडलेल्या आंब्याची फळी मिळाली तर ती नीट वाळवल्याशिवाय वापरू नका, तिला भुंगा लवकर लागतो.

कपाटांना प्लायवूड लागणारच. स्वयंपाकघर आणि बाहेरच्या भिंतींना लागून असलेल्या कपाटांसाठी आयएस ७१० असा शिक्का असलेलं मरीन प्लाय मागा. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेले बोर्ड) आणि भुशाचे बोर्ड दमट जागी पाणी पिऊन फुगतात आणि एकदा फुगले की परत बसत नाहीत. प्लायच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवू देऊ नका, ओल तिथूनच शिरते.

पायांबद्दल एक गोष्ट. स्कँडिनेव्हियन कपाटं आणि सोफे बहुधा उंच, बारीक पायांवर उभे असतात. ते दिसायला हलकं वाटतं म्हणून आपण त्याचं कौतुक करतो, पण गोव्यात त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. खालून हवा खेळते, केरसुणी आणि पोछा जातो, वाळवी चढली तर दिसते. पाय निदान सहा इंच ठेवा. भिंतीपासून कपाट दोन-तीन इंच पुढे ओढा. भिंतीला चिकटलेल्या कपाटाच्या पाठीमागे जुलैत काय उगवतं ते ज्यानं पाहिलंय तो हे विसरत नाही. लोखंडी पाय समुद्रापासून जवळ असाल तर टाळा. स्टीलच हवं असेल तर ३१६ या प्रतीचं घ्या, नेहमीच्या ३०४ वर खाऱ्या वाऱ्यानं तपकिरी डाग पडतात.

लाकडावर पांढरा रंग? नवीन, साध्या फळीला हरकत नाही. पण आजेसासऱ्यांच्या शिसवी खुर्चीला पांढरा ऑइलपेंट फासून तिला 'नॉर्डिक' करू नका. गडद लाकडाची एक खुर्ची फिकट खोलीत असली तर खोलीला वजन येतं. तिची विण सैल झाली असेल तर वेत विणणारा शोधा आणि विणून घ्या, त्या पैशात नवी खुर्ची येत असली तरी.

पाचवं काम: कापड, वेत, बांबू

रंग गप्प झाले की पोत बोलायला लागतो. सगळं ताकाच्या रंगाचं आणि सगळंच गुळगुळीत असेल तर घर फिकं लागतं, मीठ विसरलेल्या भाजीसारखं. म्हणून एकाच रंगकुळातल्या खरखरीत, मऊ, जाळीदार आणि चोपड्या वस्तू शेजारी शेजारी ठेवायच्या.

पडद्यांसाठी माझं उत्तर एकच, मांजरपाट. ब्लीच न केलेलं, कापसाच्या बोंडाचे बारीक तपकिरी ठिपके असलेलं ते साधं कापड. पूर्वी याच्या गादीच्या खोळी शिवायचे. महागाच्या लिननची जी शान सांगतात ती यात निम्म्याहून अधिक आहे, किंमत त्याच्या तुलनेत नगण्य. ते आटतं, म्हणून दहा टक्के जास्त आणा, शिवायच्या आधी रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. अस्तर लावू नका. अस्तराशिवायचं मांजरपाट दुपारचं ऊन गाळून घेतं आणि पावसाळ्यात एका उघडिपीत वाळतं. तिकडे खिडक्या उघड्या ठेवतात, आपण त्या कापडानं गाळतो, इतकाच फरक.

जमिनीवर सुती सतरंजी. धुता येते, वाळते, उचलता येते. तागाचा गालिचा फोटोत फार शोभतो पण पावसाळ्यात तो पाणी ओढतो आणि त्याला ओल्या पोत्याचा वास येतो. त्यापेक्षा काथ्याची चटई बरी, काथ्या ओलीला सहज कुजत नाही. आणि मेंढीच्या कातड्याचा तो लोकरीचा गोंडस तुकडा, जो प्रत्येक स्कँडिनेव्हियन फोटोतल्या खुर्चीवर पसरलेला असतो, त्याचं माझ्या घरात काय झालं ते सांगते. जूनमध्ये आणला, जुलैत त्यावर हिरवट पावडर आली, ऑगस्टमध्ये तो घरातल्या सगळ्यांच्या शिंकांना कारण झाला आणि सप्टेंबरमध्ये कचऱ्याच्या गाडीत गेला. लोकरच हवी असेल तर घोंगडी घ्या. न रंगवलेल्या लोकरीचा तो काळा-करडा रंग कुठल्याही डॅनिश शालीच्या तोंडात मारेल असा. तिला कसर लागते, तेव्हा अधूनमधून कडक ऊन दाखवा आणि ठेवताना कडुलिंबाचा पाला घाला.

बांबूची सुपं, रोवळ्या, परड्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतात. भिंतीवर सुपं टांगण्याची सध्या फॅशन आहे. मला स्वतःला ती फारशी आवडत नाही, सूप पाखडायला असतं. पण वर्तमानपत्रं, खेळणी, मोबाइलच्या वायरी यांच्यासाठी झाकणाची परडी झकास. नव्या बांबूतून बारीक पीठ पडायला लागलं तर त्यात कीड आहे. पूर्वी टोपल्या चुलीवरच्या धुरात टांगलेल्या असायच्या म्हणून टिकायच्या. आता धूर नाही, तर विकत घेतानाच बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवलेला बांबू आहे का ते विचारा, नसेल तर उन्हात चांगला तापवा. डिचोलीचे कुंभार मातीची भांडी करतात, त्यातलं एखादं मोठं मडकं कोपऱ्यात ठेवलं की दुसऱ्या शोभेच्या वस्तूची गरजच नाही. चकाकी दिलेलं नको, साधं भाजलेलं घ्या.

आणि एक रंग ठेवा. एकच. आमच्याकडे कुणबी चौकडीचे, म्हणजे गोव्याच्या कुणबी बायकांच्या लुगड्याच्या विणीचे दोन अभ्रे आहेत, तांबडे. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही विण पुन्हा लोकांसमोर आणली, त्यानंतर ती सहज मिळू लागली. ताकाच्या रंगाच्या खोलीत ते दोन अभ्रे कुंकवासारखे उठून दिसतात. तिसरा आणू नका.

सहावं काम: दिवे

छताच्या मधोमध एक पांढरी ट्यूब हा आपला राष्ट्रीय दिवा आहे. ती काढायची गरज नाही, केर काढताना आणि सुईत दोरा ओवताना लागतेच. पण संध्याकाळी ती बंद करून खोलीत तीन-चार ठिकाणी, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपासच्या उंचीवर, छोटे दिवे लावा. बल्बच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० के असं छापलेलं बघून घ्या. के म्हणजे केल्विन, आकडा जितका लहान तितका उजेड पिवळसर. ६५०० केचा बल्ब तुमच्या ताकाच्या भिंतीला पुन्हा दूध करून टाकतो. डेन्मार्कचे पॉल हेनिंगसन १९२० च्या दशकापासून दिव्यांवर काम करत होते, त्यांचा आग्रह एकच होता, उघडा बल्ब डोळ्याला दिसता कामा नये. आपला कागदी आकाशकंदील हेच करतो. दिवाळी संपली म्हणून तो माळ्यावर टाकू नका, साधा पांढरा असेल तर कोपऱ्यात टांगा.

मे अखेर: घराचंही पुरुमेत

पुरुमेत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मिरची, सोलं, मीठ, सुकी मासळी भरून ठेवतो तेव्हाच घराचंही पुरुमेत करायचं. ही पायरी बहुतेक लेखांत नसते, कारण ते लेख पावसाच्या प्रदेशात लिहिलेले नसतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात सतरंज्या, घोंगडी, उशा गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात तापवा. थंड झाल्यावरच घडी घाला. गरम घडी घातली तर आतला दमटपणा आतच राहतो. एक सतरंजी वापरात ठेवा, बाकी कापडी पिशवीत, प्लास्टिकमध्ये नव्हे. लाकडावर कोरडा फडका फिरवून तेलाचा पातळ हात द्या. कपाटांची दारं आठवड्यातून एकदा तासभर सताड उघडी ठेवून पंखा लावा. ओल शोषणाऱ्या डब्या कपाटात ठेवल्यात तर त्यांतलं पाणी फेकायला विसरू नका, ते कपड्यांवर सांडलं की डाग जात नाही. खोलीत हवेची आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशी धरते. ती मोजणारं घड्याळाएवढं यंत्र मिळतं, एक घेऊन ठेवा. जुलैत झाडाच्या कुंड्या आत आणायचा मोह टाळा, त्यांच्या मातीतूनही ओल हवेत येते. हिरवं बघायचं असेल तर पडदा बाजूला करा.

शेवटी फॉल्स सीलिंगचं. फिकट, सपाट, एकसंध छत छान दिसतं हे खरं, आणि मेस्तही ते करायला उत्सुक असतो. आमच्या फ्लॅटमध्ये त्यानं जुने लोखंडी हूक आतच बंद केले. चवथीच्या आदल्या संध्याकाळी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती लाकडी चौकट, हातात घेऊन आम्ही चौघं वर बघत उभे! नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, तोरिंजन, चिबूड हे सगळं जिप्समच्या पत्र्याला टांगता येत नाही, आणि माटोळी भरली की तिचं वजन कळतं. शेवटी बांबूची तिकाटणी उभारून वेळ मारून नेली. तुम्ही सीलिंग करणार असाल तर माटोळी कुठे येते ते खडूनं जमिनीवर आखून द्या, चारही हूक वरच्या स्लॅबमध्ये घट्ट बसवून सीलिंगच्या खाली दोन इंच काढून घ्या, आणि ते स्टेनलेसचे घ्या. उरलेले अकरा महिने त्यातल्या एकाला आकाशकंदील टांगता येतो.